मूल कोणाकडे आणि पैसे कोणाच्या हाती?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीच्या एक बाई मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे पत्र्याची एक लहानशी पेटी घेऊन आल्या होत्या. घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायच्या, वजनावर मजुरी घ्यायची आणि त्यावर दहा वर्षांच्या मुलाला वाढवायचे, असा त्यांचा आठ वर्षांचा क्रम आहे. नवरा सोडून गेला, पण घटस्फोट झालेला नाही. पेटीत रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, एका पतसंस्थेचे पासबुक आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली विमा पॉलिसी होती. पॉलिसी दोन लाखांची आणि नॉमिनी म्हणून मुलाचे नाव. मूल कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, असल्यामुळे त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या व्यक्तीचा एक वेगळा रकाना फॉर्मवर असतो, ज्याला विम्याच्या भाषेत ‘अपॉइंटी’ म्हणतात. त्या रकान्यात एजंटच्या अक्षरात नवऱ्याचे नाव लिहिलेले होते. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “रकाना मोकळा ठेवून चालत न्हाई म्हणालं ते, मग नवऱ्याचंच नाव सांगितलं.”

ज्या माणसाने आठ वर्षांत मुलाच्या वहीसाठीसुद्धा पैसे दिले नाहीत, त्याच्याच हाती आईच्या मृत्यूनंतर मुलाचे पैसे जातील अशी व्यवस्था त्या बाई दरवर्षी नियमाने हप्ता भरून करत होत्या. यात त्यांना दोष देता येणार नाही. एका सहकारी बँकेत मृत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर मी बरीच वर्षे काम केले आहे आणि तिथे वकिली, प्राध्यापकी करणाऱ्या माणसांचीही कागदपत्रे याच अवस्थेत पाहिली आहेत. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की, एकट्याने मूल वाढवणाऱ्या पालकासाठी मृत्युपत्राशिवाय घेतलेला विमा हे अर्धवट काम आहे आणि या अर्धवट कामाची जबाबदारी त्या पालकाइतकीच आपल्या कायद्यावर, विमा विकणाऱ्यांवर आणि ‘घरातले बघतील की’ म्हणून विषय मिटवणाऱ्या आपल्या सर्वांवर आहे.

दोन पालकांच्या घरात एक गेला तर मूल कोणाकडे राहील आणि पैसे कोण सांभाळील, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर दुसरा पालक असतो, त्यामुळे ते लिहून ठेवले नाही तरी बहुतेक वेळा निभावून जाते. एकल पालकाच्या घरात हे उत्तर आपोआप मिळत नाही. पती वा पत्नी वारलेली, घटस्फोटित, सोडून दिलेली, लग्नाशिवाय आई झालेली अशा प्रत्येकाची कायदेशीर स्थिती वेगळी असते आणि म्हणून प्रत्येकाला वेगळे लिहावे लागते.

सर्वांत आधी नॉमिनीविषयीचा गैरसमज दूर केला पाहिजे. नॉमिनी म्हणजे मालक, असे आपल्याकडे सरसकट मानले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सरबती देवी खटल्यात स्पष्ट केले होते की, विम्याचा नॉमिनी रक्कम स्वीकारतो, पण ती वारसा कायद्याप्रमाणे वारसांची असते. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीत तेच तत्त्व शक्ती येझदानी खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले गेले. मधल्या काळात, २०१५ मध्ये, विमा कायद्याचे कलम ३९ बदलले आणि आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच लाभाची मानावी अशी तरतूद आली. ही तरतूद वारसा कायद्यावर मात करते का, याबद्दल उच्च न्यायालयांत एकमत नाही. सामान्य माणसाने या वादाच्या निकालाची वाट पाहण्यात अर्थ नाही. पॉलिसीवरचे नाव आणि मृत्युपत्रातले नाव एकच ठेवले, तर भांडणाला जागाच उरत नाही.

आता त्या बाई मृत्युपत्र न करता गेल्या असत्या तर काय झाले असते, ते पाहू. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे हिंदू स्त्रीच्या मालमत्तेचे पहिले वारस तिची मुले आणि पती असतात, आणि त्यांचा हिस्सा समान असतो. किती वर्षे एकत्र राहिले, कोणी कोणाला सोडले, याची विचारणा ते कलम करत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा नसेल तर तो पती आहे आणि वारस आहे. म्हणजे पतसंस्थेतली ठेव, अंगावरचे सोने, हप्त्यावर घेतलेली शिलाई मशीन या सगळ्यात निम्मा वाटा त्याचा. राहिलेला निम्मा मुलाचा, पण मूल अज्ञान आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे त्याचा नैसर्गिक पालक बापच. त्याच कायद्याच्या कलम ८ नुसार अज्ञानाची जमीन किंवा घर विकण्यापूर्वी पालकाला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, मात्र हे बंधन स्थावर मालमत्तेपुरते आहे. बँकेतल्या रोख रकमेला तसे कुंपण नाही. मालक म्हणून निम्मे आणि पालक म्हणून उरलेले, अशा रीतीने सर्वच पैसे त्याच्या हाती जाऊ शकतात. मी टेबलावर बसून असे दावे कागदोपत्री बरोबर असल्यामुळे मंजूर होताना पाहिले आहेत आणि समोर बाकावर आजीच्या पदराला धरून बसलेले मूलही पाहिले आहे. तो अनुभव विसरता येत नाही.

घटस्फोट झाला असेल तर पूर्वीचा पती वारस राहत नाही, पण मुलाचा बाप म्हणून त्याचे पालकत्व तेवढ्याने संपत नाही. विधवा आईची स्थिती त्यामानाने सुरक्षित असते. ती स्वतःच नैसर्गिक पालक असते आणि कलम ९ प्रमाणे मृत्युपत्राने मुलाच्या देखभालीसाठी व मालमत्तेसाठी पालक नेमू शकते. अविवाहित आईलाही तो अधिकार आहे. बाप हयात असलेल्या घटस्फोटित किंवा परित्यक्ता आईला मात्र हे कलम जवळजवळ काहीच देत नाही, कारण बाप धर्म सोडून गेला किंवा संन्यासी झाला अशा कारणांनी अपात्र ठरला तरच तिला मृत्युपत्राने पालक नेमता येतो. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६ मधील ‘त्याच्यानंतर आई’ या शब्दांचा अर्थ ‘त्याच्या अनुपस्थितीत आई’ असा लावून काही प्रमाणात न्याय दिला, परंतु मूळ वाक्यरचना तशीच राहिली. विधी आयोगाने मे २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात आई आणि वडील या दोघांना समान दर्जाचे नैसर्गिक पालक मानावे अशी शिफारस केली आहे. ती स्वीकारून त्यासोबत कलम ९ मध्येही दुरुस्ती करावी आणि ज्या पालकाने मूल प्रत्यक्ष वाढवले त्याच्या लेखी इच्छेला न्यायालयाने प्रथम वजन द्यावे, अशी माझी मागणी आहे.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची गरज नाही. मूल कोणाकडे राहावे हे आई एकटी ठरवू शकत नसली, तरी स्वतःच्या मालमत्तेचे काय करावे हे ठरवण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. ती मालमत्ता थेट अज्ञान मुलाच्या नावे ठेवण्याऐवजी विश्वासातल्या एक-दोन व्यक्तींना विश्वस्त नेमून त्यांच्या हाती सोपवता येते. मुलाच्या शिक्षणासाठी दरमहा किती द्यावे, आजारपणात किती काढावे आणि कोणत्या वयाला सर्व रक्कम त्याच्या स्वाधीन करावी, हे मृत्युपत्रात लिहिता येते. असे केले म्हणजे पैशांवर बापाचे पालकत्व चालत नाही, कारण तो पैसा विश्वस्तांच्या ताब्यात असतो. मूल कोणाकडे असावे याबद्दलची इच्छाही त्यातच कारणांसह लिहावी. कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात उद्या पालकत्वाचा अर्ज गेलाच, तर त्याच पालकत्व कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मुलाचे हित सर्वांत महत्त्वाचे ठरते आणि आईने स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलेली हकीकत तिथे न्यायाधीशांसमोर येते.

मृत्युपत्र करणे अवघड किंवा खर्चाचे आहे, ही समजूत चुकीची आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि ती सही करताना पाहिलेल्या, किंवा ती आपलीच असल्याचे त्याच्या तोंडून ऐकलेल्या, किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या केलेल्या हव्यात. साधा कागद चालतो आणि मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण नातेवाइकांत कुरबुर होण्याची शक्यता असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन ती करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगते, कारण नंतर ‘ही सही तिची नव्हेच’ म्हणणाऱ्यांची संख्या नोंदणीमुळे बरीच घटते. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मालमत्तेचे मृत्युपत्र करता येत नाही, त्यामुळे तिथे जाणकार वकिलाचा सल्ला आधी घेतलेला बरा.

इतके सोपे असूनही आपल्याकडे ते होत नाही, याची कारणे कायद्याबाहेर आहेत. पहिले कारण म्हणजे मरणाचे बोलणे अभद्र मानले जाते. दुसरे त्याहून नाजूक आहे. नवऱ्याविना राहणारी बाई माहेरच्या आधाराने जगत असते, आणि मृत्युपत्रात विश्वस्त, हिशेब, वयाची अट असे शब्द घातले तर भावाला वाटेल की बहिणीचा आपल्यावर विश्वास नाही, या धास्तीने ती गप्प राहते. पुष्कळदा तिने वडिलांच्या जमिनीतले हक्कसोड पत्रही त्याच भावाला करून दिलेले असते, म्हणजे सातबारावरून नाव गेले आणि उरली ती केवळ भावाच्या शब्दाची हमी. भावाच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण तो स्वतः कर्जात बुडाला, त्याची बायको-मुले वेगळ्या मताची निघाली किंवा तोच आधी गेला, तर त्या हमीचे काय, हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. उलट लेखी अधिकार नसलेल्या प्रामाणिक मामाचीच बँकेत सर्वांत जास्त अडवणूक होते, हे मी रोज पाहिले आहे. भाच्याच्या फीसाठी पैसे काढायला आलेल्या मामाला आम्ही नियमाने परत पाठवत होतो, आणि आमच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. पालक म्हणून कागदावर मामाचे नाव येते, पण ते मूल पुढे वाढवणार असते मामी. डबा तिने भरायचा, ताप आला की रात्र तिने जागायची. तिला कोणी विचारत नाही. मृत्युपत्र करण्यापूर्वी तिच्याशी बोलावे, तिच्या अडचणी ऐकाव्यात आणि मुलाच्या खर्चाची रक्कम तिच्या हाती वेळेवर पडेल अशी व्यवस्था लिहावी.

विम्याच्या रकमेकडे वळले तर चित्र आणखी काळजी वाटावी असे आहे. त्या बाईंची कमाई महिन्याला साधारण दहा हजार आहे. मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत तेवढीच रक्कम दरमहा हवी म्हटले तर महागाई न धरताही अकरा वर्षांचे तेरा लाख वीस हजार होतात. त्यांच्या पॉलिसीचे दोन लाख म्हणजे वीस महिन्यांची बेगमी. आपल्याकडे विमा हा बचतीचा प्रकार म्हणून विकला जातो, मुदतीनंतर पैसे परत मिळतात यावर भर दिला जातो, आणि त्यामुळे हप्ता मोठा व संरक्षण लहान अशी पॉलिसी गळ्यात पडते. एकल पालकाने आधी निव्वळ संरक्षणाचा, म्हणजे टर्म विमा घ्यावा, कारण त्यात तितक्याच हप्त्यात कित्येक पटींनी मोठी रक्कम मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटीही रद्द झाला आहे. बचतीची सोय वेगळी करता येते.

मात्र टर्म विमा देताना कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि मजुरी रोखीने घेणाऱ्या स्त्रीकडे पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र कुठून असणार? ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यासाठीच दार अरुंद आहे. अशांना प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना उपलब्ध आहे. अठरा ते पन्नास वयात बँक किंवा पोस्टातल्या खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जातात आणि दोन लाखांचे संरक्षण मिळते. अपघाती मृत्यूसाठीच्या सुरक्षा विमा योजनेचा हप्ता तर केवळ वीस रुपये आहे. या दोन्ही योजना प्रत्येक एकल पालकाने घ्याव्यात, पण त्यांनी सरकारची जबाबदारी संपत नाही. ज्या घरात कमावणारे माणूस एकच आहे, तिथे याच योजनेत जादा हप्ता भरून दहा लाखांपर्यंत संरक्षण घेण्याची मुभा का असू नये? आई-बाप दोघेही गेल्यावर अनाथ मुलाला मदत देण्यापेक्षा आई हयात असताना तिला पुरेसा विमा मिळवून देणे समाजालाही स्वस्त पडेल.

फॉर्म भरताना खोटे लिहू नये, हे मी विशेष करून आमच्या भागातल्या बायकांना सांगते. ‘तंबाखू घेता का’ या प्रश्नाला त्या सहज ‘नाही’ म्हणतात, कारण सकाळी दात घासताना लावायची मिश्री ही तंबाखू आहे असे त्यांना वाटतच नाही. ती तंबाखूच आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर कंपनीला ती नाकारता येत नाही, पण त्याआधी मृत्यू झाला तर हीच लपवलेली माहिती दावा फेटाळण्याचे कारण होऊ शकते. आणि मिळालेली रक्कम ठेवायची कुठे, हेही विश्वस्ताला सांगून ठेवावे. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. गल्लीतल्या पतसंस्थेत अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळते, पण तिथल्या ठेवींना ते संरक्षण नाही.

एकल वडिलांचा विचार केला की कायद्यातली एक विषमता ठळकपणे दिसते. शिवाजी उद्यमनगरात फौंड्री चालवणाऱ्या एका विधुर गृहस्थांनी मित्रांच्या कर्जांना जामीन म्हणून सह्या दिल्या होत्या, जे आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही. विवाहित स्त्रियांची मालमत्ता कायदा, १८७४ च्या कलम ६ खाली त्यांनी मुलींच्या नावे पॉलिसी घेतली. अशी पॉलिसी कायद्याने मुलींसाठीचा न्यास ठरते, ती वडिलांच्या मालमत्तेचा भाग होत नाही आणि धनकोंना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. त्यासाठी वेगळा खर्च नाही. फक्त पॉलिसी घेतानाच तो अर्ज भरावा लागतो, नंतर भरून चालत नाही. विधुर आणि घटस्फोटित वडिलांना विमा कंपन्या ही सोय देतात. पण कलम ६ मध्ये पॉलिसी घेणारा ‘विवाहित पुरुष’ असे शब्द आहेत. नाव स्त्रियांच्या मालमत्तेचे असूनही, विधवा किंवा परित्यक्ता आईला स्वतःच्या आयुष्यावर मुलांसाठी हीच संरक्षित पॉलिसी त्या कलमाखाली घेता येत नाही. १८७४ मध्ये कमावणारा म्हणजे पुरुषच, असे धरले गेले असेल. आज ते कलम जसेच्या तसे ठेवण्याला कोणतेही कारण नाही. ‘विवाहित पुरुष’ या शब्दांच्या जागी ‘कोणताही पालक’ असे शब्द घातले तर लाखो आयांना वकिलाच्या फीशिवाय ते संरक्षण मिळेल.

शाहू महाराजांच्या संस्थानाने १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला, आणि शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केल्यावर राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून तो इतर गावांपुढे ठेवला. या जिल्ह्याकडून आणखी अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क आहे. वर्षातून एकदा प्रत्येक तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात एकल पालकांसाठी मृत्युपत्र नोंदणीचे शिबिर व्हावे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील तिथे मोफत बसावेत. विमा एजंटने अज्ञान नॉमिनीचे नाव लिहिताना ‘मुलाचा दुसरा पालक हयात आहे का, आणि पैसे त्याच्या हाती जावेत असे तुम्हाला वाटते का’ हा प्रश्न विचारून उत्तरावर सही घेणे विमा नियामकाने सक्तीचे करावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले. ते आवाहन हुपरीच्या पैंजण जोडणाऱ्या बाईपर्यंत पोहोचवण्याचे काम न्यायालयाचे नाही, आपले आहे.

गरिबांकडे मृत्युपत्र करण्यासारखे असतेच काय, असे काहीजण विचारतात. त्या पेटीत दोन लाखांची पॉलिसी, एकोणचाळीस हजारांची ठेव आणि दोन तोळे सोने होते. श्रीमंताच्या मुलाचे काही लाख बुडाले तरी त्याचे शिक्षण थांबत नाही; या मुलाचे थांबले असते.

आम्ही विमा शाखेत जाऊन अपॉइंटीच्या जागी बाईंच्या धाकट्या बहिणीचे नाव घातले. ठेव पतसंस्थेतून बँकेत आणली आणि ४३६ रुपयांच्या योजनेचा अर्ज त्याच दिवशी भरला. मृत्युपत्रासाठी त्यांचा भाऊ आणि वहिनी दोघांनाही बोलावले. भाऊ तत्काळ हो म्हणाला. वहिनी बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले की मुलाची शाळा बदलावी लागली तर चालेल का, कारण त्यांचे घर इचलकरंजीला आहे आणि रोज हुपरीला ने-आण करणे तिला जमणार नाही. बाईंनी ते मान्य केले आणि आम्ही तसे लिहिले. पालकत्वाच्या परिच्छेदात कायद्याला धरून एवढेच लिहिता आले की, मुलगा मामीजवळ राहावा अशी आईची इच्छा आहे आणि त्याच्या वडिलांनी मागील आठ वर्षांत त्याची भेट घेतलेली नाही. तो परिच्छेद बाईंनी मला तीनदा वाचून दाखवायला सांगितला, आणि मग सही केली.